वाचकाचें प्रेम आणि ग्रंथकाराचा हक्क

गोष्ट संपली म्हणजे लहान मूल एकच प्रश्न विचारतें : ‘पुढें काय झालें?’ सांगणारी आजी दमलेली असते, दिवा मंद झालेला असतो. परंतु ऐकणाऱ्याचें मन कांहीं अजून मिटलेलें नसतें. तें राजकन्येला नव्या वनांत नेतें, मेलेल्या वीराला उठवितें, आणि गोष्टींत ज्याच्या वांट्याला एकच वाक्य आलें अशा एखाद्या दासालाहि स्वतंत्र आख्यान बहाल करतें. आमच्या कीर्तनकारांनीं शतकानुशतकें हेंच केलें. मूळ श्लोक दोन ओळींचा असला, तरी उत्तररंग दोन घटकांचा होई. त्यांना कोणी नोटीस पाठविली नाहीं; कारण व्यासवाल्मीकींच्या कथांना कायद्याच्या दृष्टीनें मालक नव्हता. छापील ग्रंथाला मात्र मालक असतो. त्या मालकाचा हक्क कोठें संपतो आणि वाचकाचा अधिकार कोठें सुरू होतो, हा या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न आजकालचा नव्हे. स्पेन देशांत सर्व्हांटिसच्या ‘डॉन क्विक्झोट’चा पहिला भाग १६०५ सालीं निघाला. दुसरा भाग यावयास विलंब लागला, तेव्हां १६१४ सालीं आव्हेयानेदा असें टोपणनांव घेऊन कोणी एकानें परभारेंच दुसरा भाग छापून टाकला. सर्व्हांटिस संतापला, परंतु त्याच्यापाशीं कायद्याचें बळ नव्हतें, लेखणीचें होतें. पुढल्याच वर्षीं त्यानें आपला खरा दुसरा भाग प्रसिद्ध केला, आणि त्यांत त्या तोतयाची यथेच्छ टर उडविली. इंग्लंडांत कॉनन डॉयलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावर नेऊन संपविलें, तेव्हां वाचकांनीं रोषाचीं पत्रें पाठवून त्याला बेजार केलें. आणि १९०३ सालीं होम्स जिवंत होऊन परत आला. म्हणजे पात्र लेखकाचें खरें. पण एकदां तें वाचकाच्या घरीं राहावयास गेलें कीं, त्याजवर लेखकाची एकट्याची सत्ता उरत नाहीं.

पुढें अमेरिकेंत १९६६ सालीं ‘स्टार ट्रेक’ नांवाची आकाशयात्रेची मालिका टेलिव्हिजनवर सुरू झाली. तिच्या चाहत्यांनीं १९६७ सालीं ‘स्पॉकनेलिया’ नांवाचें एक हौशी नियतकालिकच काढलें. सायक्लोस्टाइलवर काढलेल्या थोड्या प्रति आणि टपालानें वांटणी, असा हा कारभार. त्यांत मालिकेंतील पात्रांविषयीं नव्या कथा असत. मालकांच्या कानांवर हें जाई, परंतु ते बहुधा कानाडोळा करीत. घरांतल्या घरांत चाललेल्या कुजबुजीवर कोण फिर्याद करतो? इंटरनेट आल्यानंतर मात्र ही कुजबुज एकदम चावडीवर आली. जें दहा घरांत वाचलें जात होतें, तें एका रात्रींत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला दिसूं लागलें. आणि जें वाचकांना दिसलें, तें वकिलांनाहि दिसलें.

या संक्रमणाचें उत्तम उदाहरण म्हणजे हॅरी पॉटरचें प्रकरण. जे. के. रोलिंग या बाईंची ही कादंबरीमाला १९९७ सालीं सुरू झाली आणि २००७ सालीं सातव्या पुस्तकानें समाप्त झाली. मधल्या काळांत वॉर्नर ब्रदर्स या कंपनीनें चित्रपटाचे हक्क घेतले. आणि हक्क घेतल्याबरोबर, त्या नांवाचा उपयोग कोण कोण करतो याची तपासणी सुरू केली. डिसेंबर २००० मध्यें इंग्लंडांतील एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरीं कंपनीच्या वतीनें पत्र आलें. तिनें आपल्या आवडत्या पुस्तकाविषयीं माहिती देणारें एक संकेतस्थळ चालविलें होतें, आणि त्याच्या पत्त्यांत हॅरी पॉटर हें नांव होतें. तो पत्ता कंपनीच्या स्वाधीन करावा, असें त्या पत्रांत होतें.

कंपनीची बाजू अगदींच पोकळ होती असें म्हणतां येणार नाहीं. व्यापारचिन्हाचा कायदा असा आहे कीं, मालकानें आपलें चिन्ह जपलें नाहीं तर तें दुबळें होतें. शिवाय प्रसिद्ध नांवाचे पत्ते आधींच अडवून ठेवून, मागाहून जबर किंमत उकळणारे भामटेहि त्या काळीं पुष्कळ होते. चूक झाली ती निवडींत. भामट्यासाठीं लिहिलेलें पत्र भक्ताच्या दारांत पडलें. मुलीच्या घरच्यांनीं तें प्रकरण वृत्तपत्रांकडे नेलें. इंग्लंडांत आणि अमेरिकेंत पॉटरच्या बालवाचकांनीं निषेधाची मोहीम उघडली, आणि कंपनीच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर बहिष्कार पुकारला. अमेरिकेंतील एक विद्यार्थिनी तर टेलिव्हिजनवर कंपनीच्या प्रतिनिधीशीं समोरासमोर वाद करावयास बसली. २००१ सालीं कंपनीनें माघार घेतली. आपल्या सर्वांत उत्सुक गिऱ्हाइकालाच आपण दरडावीत आहों, हें तिच्या ध्यानांत आलें.

हा विजय न्यायालयांतला नव्हे. कायद्याचा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. तो केवळ पुढें ढकलला गेला. सात वर्षांनीं तोच प्रश्न न्यायासनासमोर उभा राहिला, आणि या वेळीं ग्रंथकर्त्रीच्या समोर जो मनुष्य साक्षीस आला तो तिचा वैरी नव्हता, तर तिचा अत्यंत निष्ठावंत वाचक होता.

त्याचें नांव स्टीव्ह व्हँडर आर्क. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत तो एका शाळेचा ग्रंथपाल होता. २००० सालापासून तो इंटरनेटवर एक कोश तयार करीत होता. रोलिंगबाईंच्या कल्पित जगांतील प्रत्येक माणूस, पशु, मंत्र, औषधि आणि गांव यांची अकारविल्हे नोंद, आणि तीहि कोणालाहि विनामूल्य वाचतां येईल अशी! ग्रंथपालाचा धर्मच तो; विखुरलेलें एकत्र करावें आणि मागणाऱ्याच्या हातीं द्यावें. हें काम इतकें नेमकें झालें कीं, २००४ सालीं खुद्द रोलिंगबाईंनीं त्याची जाहीर वाखाणणी केली. बाहेर बसून लिहितांना एखादा तपशील आठवेनासा झाला, तर आपण दुकानांतून आपलेंच पुस्तक विकत आणण्याऐवजीं हा कोश उघडून पाहतों, अशी प्रांजळ कबुली त्यांनीं दिली. २००६ सालीं चित्रपटकंपनीनें त्याला चित्रीकरण पाहण्यास बोलाविलें, आणि आम्ही हा कोश जवळजवळ रोज वापरतों, असें निर्मात्यानें त्याला सांगितलें. २००७ सालीं संगणकावरील पॉटरचा खेळ तयार करणाऱ्या कारखान्यांत तो गेला, तेव्हां तेथील भिंतींवर त्याच्याच कोशाचीं छापलेलीं पानें लावलेलीं होतीं.

येथपर्यंत सर्व कसें गोकुळासारखें होतें. मग एका लहान प्रकाशकानें त्याला गांठलें आणि हा कोश पुस्तकरूपानें विकूं या, असें सुचविलें. व्हँडर आर्क यांचें स्वतःचें पूर्वींचें मत असें होतें कीं, संमतीवांचून असें पुस्तक छापणें कायद्याला धरून होणार नाहीं. प्रकाशकानें त्यांची समजूत घातली. तरीहि मनांत धाकधूक होतीच; म्हणून खटला झाल्यास त्याचा भार प्रकाशकानें सोसावा, असें कलम त्यांनीं करारांत घालून घेतलें. ज्याला स्वतःच्या पायांखालची जमीन पक्की वाटते, तो असें कलम मागत नाहीं.

ऑक्टोबर २००७ मध्यें रोलिंगबाई आणि वॉर्नर ब्रदर्स यांनीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत प्रकाशकाविरुद्ध दावा लावला. एप्रिल २००८ मध्यें न्यायमूर्ति रॉबर्ट पॅटरसन यांच्यापुढें सुनावणी झाली. रोलिंगबाई स्वतः साक्षीस आल्या. ही आपल्या सतरा वर्षांच्या श्रमांची सरसकट लूट आहे, असें त्यांचें म्हणणें होतें; आणि आपण स्वतः असा कोश लिहून त्याचें उत्पन्न धर्मादाय द्यावयाचें योजिलें आहे, असेंहि त्यांनीं सांगितलें. व्हँडर आर्क यांची साक्ष झाली, तेव्हां पॉटरच्या वाचकसमाजाशीं असलेल्या आपल्या नात्याविषयीं बोलतां बोलतां त्यांना रडूं कोसळलें. ज्या घरांत सात वर्षें आपलेपणानें वावरलों, त्याच घराच्या धनिणीनें आपणांस चोर म्हणावें, हें दुःख कायद्याच्या कलमांत बसणारें नव्हतें. न्यायमूर्तींनीं दोन्ही पक्षांना तडजोडीचा सल्ला दिला, आणि डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ कादंबरींतील पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या दाव्याची आठवण करून दिली. तडजोड झाली नाहीं.

अशा वेळीं अमेरिकेंतील न्यायाधीश काय पाहतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे. तेथील १९७६ च्या प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या कायद्यांत ‘न्याय्य उपयोग’ असें एक तत्त्व आहे. परक्याच्या ग्रंथांतून संमतीवांचून घेतलेलें क्षम्य आहे कीं नाहीं, हें ठरवितांना चार प्रश्न विचारावयाचे. पहिला, घेणाऱ्याचा हेतु काय? त्यांत त्यानें कांहीं नवें घडविलें, कीं नुसता व्यापार केला? दुसरा, मूळ कृति कोणत्या स्वरूपाची आहे? कारण कोरड्या माहितीपेक्षां कल्पनेच्या निर्मितीला अधिक संरक्षण असतें. तिसरा, घेतलें किती? चौथा, त्यामुळें मूळ कृतीच्या विक्रीला धक्का किती बसतो? या चारांपैकीं एकाहि प्रश्नानें निकाल ठरत नाहीं. चारहि एकत्र तोलावे लागतात. भारताच्या १९५७ च्या कायद्यांत रचना थोडी निराळी आहे. तेथें खासगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण असे क्षम्य उपयोग कायद्यानेंच नमूद केले आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे, ती ही कीं, ग्रंथकाराचा हक्क मोठा असला तरी तो अमर्याद नाहीं.

८ सप्टेंबर २००८ रोजीं निकाल लागला. रोलिंगबाई जिंकल्या, परंतु त्या निकालपत्रांतील अर्धा भाग वाचकांच्या बाजूचा आहे. न्यायमूर्तींनीं स्पष्ट म्हटलें कीं, कल्पित वाङ्मयावर मार्गदर्शक कोश लिहिण्यास मूळ लेखक सरसकट बंदी करूं शकत नाहीं. कथा सांगणें आणि कथेंतील वस्तूंची सूची करून देणें हे दोन भिन्न उद्योग आहेत. सूचीच्या बाजारावर कादंबरीकाराचा एकट्याचा मक्ता नाहीं. मग कोशकार हरला कां? त्यानें उचललें फार म्हणून. सुमारें २,४०० नोंदींच्या त्या हस्तलिखितांत ठिकठिकाणीं मूळ लेखिकेचीं वाक्यें, तिच्या उपमा, तिची खास शब्दरचना जशीच्या तशी आली होती. माहिती देण्यास जेवढें आवश्यक त्याहून हें अधिक होतें. त्यांतहि रोलिंगबाईंनीं २००१ सालीं धर्मादायासाठीं लिहिलेलीं दोन छोटीं पुस्तकें, एक अद्भुत प्राण्यांविषयीं आणि दुसरें त्या जगांतील खेळाविषयीं, स्वतःच कोशाच्या धर्तीचीं होतीं. त्यांतील मजकूर इतका आला होता कीं, हा कोश घेणाऱ्यास तीं पुस्तकें घेण्याचें कारणच उरत ना. दंड मात्र किमान करण्यांत आला : सात कादंबऱ्या आणि तीं दोन पुस्तकें मिळून नवांबद्दल प्रत्येकीं ७५० डॉलर, एकूण ६,७५० डॉलर.

यापुढें जें झालें तें या प्रकरणाचें खरें सार आहे. अपील चालविलें नाहीं. व्हँडर आर्क यांनीं कोश नव्यानें लिहिला. उसनीं वाक्यें काढून टाकलीं, स्वतःचें विवेचन वाढविलें, आणि जानेवारी २००९ मध्यें तें पुस्तक विक्रीस आलें. न्यायालयानें दाखविलेली रेघ त्यांनीं ओळखली आणि ती ओलांडल्यावांचून आपलें काम पुरें केलें.

ही रेघ केवळ पुस्तकांपुरतीच आहे असें नाहीं. वाचक कथेंत मनानें शिरतो. संगणकाच्या खेळांत खेळणारा हातानें शिरतो, आणि कित्येक खेळांचे कर्ते त्याच्या हातीं गवंड्याचीं हत्यारेंहि देतात. १९९६ सालीं निघालेल्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या खेळाबरोबर नवीं दालनें रचण्याचें साधन दिलेलें होतें. खेळणाऱ्यांनीं दालनें रचावीं आणि एकमेकांना फुकट द्यावीं, अशी मुभा होती. विकूं नये, अशी अट होती. मायक्रो स्टार नांवाच्या कंपनीनें लोकांनीं रचलेलीं ३०० दालनें गोळा करून एका तबकडीवर विकावयास काढलीं. त्या तबकडीवर मूळ खेळांतील एकहि चित्र नव्हतें. कोणतें चित्र कोठें ठेवावें एवढ्याच सूचना होत्या. तरीहि १९९८ सालीं अमेरिकेच्या अपील न्यायालयानें ठरविलें कीं, हीं दालनें म्हणजे ड्यूकच्या कथेचे पुढील भागच होत, आणि ते विकण्याचा अधिकार मूळ मालकाचा आहे. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, मालकानें प्रतिदावा केला तो हौसेनें दालन रचणाऱ्या पोरावर नव्हे, तर त्या पोरांच्या हौसेचा बाजार मांडणाऱ्यावर.

परंतु मालकाच्या कृपेवर जगणें हें कांहीं स्वातंत्र्य नव्हे. ही जाणीव रसिकांच्या समाजाला २००७ सालीं तीव्रतेनें झाली. त्या वर्षीं फॅनलिब नांवाच्या एका व्यापारी कंपनीनें रसिकांच्या कथा एकत्र करून त्यावर धंदा करण्याचा घाट घातला. लिहावें रसिकांनीं, कायद्याचा धोका पत्करावा रसिकांनीं, आणि नफा मात्र दुसऱ्यानें न्यावा, अशी ती योजना आहे असा आक्षेप चोहोंकडून निघाला. त्याच मे महिन्यांत, ज्या लाइव्हजर्नल नामक स्थळीं पुष्कळ रसिकांचें लेखन होतें, तेथील चालकांनीं पूर्वसूचनेवांचून सुमारें पांचशें खातीं बंद केलीं. त्यांत निरुपद्रवी वाङ्मयचर्चाहि सांपडली. पुढें कित्येक खातीं परत उघडावीं लागलीं. भाड्याच्या घरांत कितीहि वर्षें राहिलें, तरी किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असते, हा धडा त्यांतून मिळाला.

म्हणून त्याच वर्षीं ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्स्फॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही संस्था स्थापन झाली. नेओमी नोविक या कादंबरीकार बाई तिच्या संस्थापकांपैकीं. आणि रिबेका टुश्नेट या कायद्याच्या अध्यापिका, ज्यांनीं १९९७ सालींच रसिकांच्या कथा आणि कॉपीराइट यांवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला होता, त्यांनीं कायद्याची बाजू सांभाळली. संस्थेनें ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या नांवाचा संग्रह नोव्हेंबर २००९ मध्यें सर्वांस खुला केला. व्हर्जिनिया वुल्फ यांनीं लेखिकेला हक्काची खोली हवी असें १९२९ सालीं प्रतिपादन केलें होतें. त्याच्या स्मरणार्थ हें नांव. यंत्रें संस्थेच्या मालकीचीं, काम स्वयंसेवकांचें (त्यांत बहुसंख्य स्त्रिया), खर्च वर्गणीचा, आणि जाहिरात एकहि नाहीं. डब्लिन येथें २०१९ सालीं या संग्रहाला ह्यूगो पारितोषिक मिळालें, तेव्हां एके काळीं सायक्लोस्टाइलवर लपूनछपून चाललेला उद्योग वाङ्मयाच्या दरबारांत मानानें बसला.

संस्थेनें नुसता आश्रय दिला नाहीं, कायद्यांतहि जागा करून घेतली. अमेरिकेंतील १९९८ च्या एका कायद्यानें चित्रपटाच्या तबकडीवरील कुलूप तोडणें हाच गुन्हा ठरविला होता, मग आंतील उपयोग कितीहि न्याय्य असो. या कायद्याला दर तीन वर्षांनीं अपवाद मागतां येतात. चित्रपटांतील लहान तुकडे जोडून त्यांवर टीकाटिप्पणी करणाऱ्या बिनव्यापारी कृतींना २०१० सालीं असा अपवाद मिळाला. त्यासाठीं या संस्थेनें आपल्या सभासदांच्या कृति पुराव्यादाखल पुढें केल्या होत्या.

आतां या कथेला लागलेलें नवें वळण पाहण्यासारखें आहे. २०२५ सालीं कोणी एकानें या संग्रहांतील एक कोटीहून अधिक कृति परस्पर उतरवून घेतल्या, आणि यंत्रांना भाषा शिकविण्याच्या कामीं याव्या म्हणून दुसऱ्या ठिकाणीं मांडल्या. संस्थेनें तत्काळ हरकत घेतली; आणि ती घेतली १९९८ च्या त्याच कायद्याचा आधार घेऊन, ज्याची झळ इतकीं वर्षें रसिकांनाच लागत आली होती. ज्यांना आजवर उसनवारे म्हटलें गेलें, तेच आतां म्हणाले कीं, यांत आमचेहि श्रम आहेत, आम्हांस विचारावयास हवें होतें. कोणी यांत विसंगति पाहील. परंतु नीट पाहिलें तर त्यांचें म्हणणें पहिल्यापासून एकच आहे. त्यांनीं घेतलें तेव्हां कोणाचें घेतलें तें उघड सांगितलें, त्याचा पैसा केला नाहीं, आणि त्यांत स्वतःचें कांहीं घातलें. यंत्रासाठीं भारेच्या भारे उचलणाऱ्यापाशीं ते हाच हिशेब मागत आहेत.

रोलिंगबाईंचा राग खोटा नव्हता, आणि व्हँडर आर्क यांचे अश्रूहि खोटे नव्हते. कायद्याला राग आणि अश्रु मोजतां येत नाहींत. त्यानें वाक्यें मोजलीं. तरी त्या मोजमापांतून जी रेघ निघाली, ती कोणत्याहि शहाण्या शेजाऱ्यानें आंखली असती तशीच आहे. शेजारच्या बागेंतील फुलाचा वास घेण्यास कोणाची ना नाहीं. त्याचें बीं मागून आणून आपल्या अंगणांत नवें रोप लावणाऱ्याचें कौतुकच होतें. मात्र फांदीसकट फुलें तोडून बाजारांत नेणाऱ्याला माळी हटकणारच. माळ्यानें एवढेंच विसरूं नये कीं, कुंपणाशीं रोज येऊन उभें राहणारें तें मूल चोरी करण्यास आलेलें नसतें. त्या मुलाला हांकलून दिलें, तर बाग शाबूत राहील. पण ‘पुढें काय झालें?’ असें विचारणारें कोणी उरणार नाहीं.